गाडीचा मेंदू गेला, हे ठरवायचं कुणी?

सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर 'नो कम्युनिकेशन'. गॅरेजवाला मान हलवतो, 'ईसीएम गेला.' ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गाडीचा मेंदू. हा निकाल इतका झटपट का लागतो, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

ठिणगी पाडणाऱ्या साध्या पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्या जमान्यात वायरमनचं टेस्ट लॅम्पवर भागायचं. ठिणगी येते का, पेट्रोल येतं का, संपलं. १९६८ मॉडेलच्या फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं खरं, पण तो मेंदू मुका होता. त्याला बोलतं केलं ते अमेरिकेतल्या धुराने. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धूर कमी विषारी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्यातल्या नव्या पद्धतीच्या कन्व्हर्टरला एक भाग पेट्रोलमागे साधारण १४.७ भाग हवा असं काटेकोर मिश्रण लागतं, आणि ते हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला एकट्याने जमणारं नव्हतं, त्याला कॉम्प्युटर लागला.

१९८१ पासून जनरल मोटर्सच्या अमेरिकी गाड्यांत डॅशबोर्डखाली एक १२ पिनांचं सॉकेट असायचं, मुळात कारखान्यातल्या तपासणीसाठी. मेकॅनिक कागदाच्या क्लिपने त्यातल्या दोन पिना जोडत, चावी ऑन करत आणि डॅशबोर्डवरच्या चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजत. एकदा, थांबा, मग लागोपाठ दोनदा: कोड १२. म्हणजे इंजिन बंद आहे, पण कॉम्प्युटर शुद्धीवर आहे. पहिली हजेरी मेंदूचीच! मला ही पद्धत आजच्या टॅबलेटसारख्या स्कॅनरपेक्षा प्रामाणिक वाटते.

पुढे प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, भाषा वेगळी. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नियम कडक करत नेले आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःची तपासणी करायची एकसारखी पद्धत, सक्तीचं झालं: तेच १६ पिनांचं सॉकेट, बिघाडाचे तेच 'पी'ने सुरू होणारे कोड. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे धुराच्या बीएस-४ नियमांच्या काळात.

पण ही सगळी खटपट धुरासाठी होती, मेकॅनिकसाठी नव्हे. पी०१७१ सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पाइप फाटलाय की पंप दमलाय, ते तुम्ही शोधा. ईसीएमच्या आतल्या बिघाडाला पी०६०६ आहे, पण पूर्ण मेलेला मेंदू स्वतःचा मृत्युदाखला कसा देणार? मग एबीएससारखे (ब्रेक सांभाळणारे) शेजारी कॉम्प्युटर त्यांना जोडणाऱ्या कॅन लाइनवर ईसीएमचा आवाज आला नाही की यू०१०० टाकतात, म्हणजे 'शेजारी हाकेला ओ देत नाही'. का देत नाही, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

आणि इथेच घाई नडते. स्कॅनरला वीज मिळते सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवरून. बऱ्याच गाड्यांत तिचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामायिक असतो. तो उडाला तर स्कॅनरच उठत नाही. स्कॅनर उठला, पण चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवाच लागत नसेल, तर आधी ईसीएमला वीज देणारा मेन रिले आणि अर्थिंग बघायचं. पावसाळ्यात अर्थिंगचा नट गंजतो, उंदीर वायरांचा जुडगा (हार्नेस) कुरतडतो. तेही ठीक निघालं तर मल्टिमीटर ईसीएमकडून सेन्सरना जाणाऱ्या ५ व्होल्टच्या वायरवर ठेवायचा. तिथे अर्धा व्होल्टच दिसत असेल, तर सेन्सरचे प्लग एकेक करून काढत जायचं. एखादा निघताक्षणी काटा ५ वर उडी मारतो आणि दिवा लागतो. मेलेला ईसीएम नव्हताच. एका शॉर्ट झालेल्या सेन्सरने त्याचा गळा धरला होता.