हरसूद: कागदावर छप्पन्न वर्षे बुडत राहिलेले शहर

थंडीच्या दिवसांत हनुवंतियाला जाऊन बोटीत बसणे हा इंदूरच्या मराठी घरांतही आता रुळलेला कार्यक्रम झाला आहे. २०१६ पासून तेथे सरकारी जलमहोत्सव भरू लागला, तंबू उभे राहिले, आणि रामबागेतली किंवा सुदामानगरातली मंडळी शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत येऊ लागली. ज्या पाण्यावर ही बोट फिरते, ते इंदिरा सागर धरणाचे पाणी आहे. साठवणक्षमतेच्या दृष्टीने हा देशातला सर्वांत मोठा जलाशय असून त्याची क्षमता १२.२२ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे ४३१ टीएमसी आहे. कोयनेचे चार जलाशय त्यात रिकामे केले तरी जागा उरेल. ९०० चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेल्या या पाण्याने सुमारे अडीचशे गावे आणि एक तहसिलीचे शहर व्यापले. त्या शहराचे नाव हरसूद.

हरसूद २००४ च्या पावसाळ्यात रिकामे झाले, एवढी माहिती बहुतेकांना असते. परंतु ते २००४ मध्ये बुडाले असे म्हणणे अर्धवट ठरेल, कारण नकाशावर ते १९४८ पासूनच बुडत होते. त्याची खरी पार्श्वभूमी या दोन सालांमधल्या छप्पन्न वर्षांत आहे.

हरसूद हे पूर्व निमाडातले, आजच्या खंडवा जिल्ह्यातले गाव. ऐन नर्मदेच्या घाटावर ते नव्हते. नदीला मिळणाऱ्या लहान नद्यानाल्यांच्या खोऱ्यात, काठापासून बरेच आत वसलेले होते, आणि म्हणूनच नर्मदा आपल्या दारापर्यंत येईल यावर जुन्या लोकांचा विश्वास बसत नसे. गाव सातशे वर्षांचे आहे असे तेथील लोक अभिमानाने सांगत आणि त्याच दमात त्याचे नाव हर्षवर्धन राजाशीही जोडत. या दोन गोष्टींचा काळ एकमेकांशी जुळत नाही, पण दंतकथेला हिशेब विचारण्याची पद्धत नाही. आसपास कोरकू वस्ती, सागाची जंगले आणि कपाशीची काळी जमीन. भोवतालच्या खेड्यांना मीठमिरचीपासून तहसील कचेरीतल्या दाखल्यापर्यंत सर्व कामांसाठी हरसूदलाच यावे लागे.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. पेशवाईत निमाड मराठ्यांकडे आला आणि पुढे शिंदे, होळकर व पवार यांच्यात त्याच्या वाटण्या झाल्या. पश्चिमेचा बराच भाग होळकरांकडे राहिला, तर खंडव्याकडचा पूर्व भाग शिंद्यांकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे गेला आणि मध्य प्रांतात सामील झाला. त्यामुळे १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना होईपर्यंत हरसूदचा कारभार नागपूरच्या राजधानीतून चालत असे, आणि इंदूर मात्र मध्य भारतात होते. दोन्ही ठिकाणे एका राज्यात आली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी.

त्याआधी त्यांना जोडले होते रेल्वेने. मुंबईहून भुसावळ, खंडवा, इटारसी असा जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई-कलकत्ता गाडी सुरू झाली. हरसूद त्याच मार्गावरचे स्थानक होते. त्याच सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि त्यातून खंडवा-इंदूर मार्ग घातला गेला. इंदूरहून जबलपूरकडे या वाटेने जाणारा माणूस खंडव्याला गाडी बदलत असे आणि नंतर हरसूदवरून पुढे जात असे. आज तो मार्गही तेथे नाही. जलाशयामुळे मुख्य लोहमार्गाचा तो तुकडा उचलून दुसरीकडून न्यावा लागला, आणि जुने स्थानक गावाबरोबरच गेले.

नर्मदेच्या खोऱ्याची पद्धतशीर पाहणी १९४६ नंतर सुरू झाली. अजुधियानाथ खोसला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४८ मध्ये तवा, बरगी, पुनासा (आजच्या इंदिरा सागर धरणाची जागा) आणि भडोच या चार जागांचा आधी विचार व्हावा असे सुचवले. त्यांतली पुनाशाची जागा अभियंत्यांच्या दृष्टीने फारच मोलाची होती. येथे नदी डोंगरांच्या अरुंद खिंडीतून जाते, म्हणजे भिंत आखूड पुरते. आणि खिंडीच्या वर खोरे एकदम पसरट होते, म्हणजे पाणी भरपूर साठते. धरणाची लांबी जेमतेम ६५३ मीटर आहे आणि मागचा जलाशय देशात सर्वांत मोठा, यावरून जागेची गुणवत्ता कळते. पण खोरे पसरट असणे याचाच दुसरा अर्थ ते शेतीचे आणि वस्तीचे असणे असा होतो.

पुढे १९६५ मध्ये खोसला यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल आला, राज्यांची भांडणे मिटेनात, म्हणून १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १९७९ च्या डिसेंबरात लागू झाला. निवाड्यात २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असा वाटा ठरला, हे सर्वांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली तरतूद अशी की मध्य प्रदेशाने दरवर्षी ८.१२ दशलक्ष एकर-फूट पाणी महेश्वरच्या खाली नियमितपणे सोडावे. नर्मदा ही पावसाळ्यात उधळणारी आणि उन्हाळ्यात रोडावणारी नदी आहे. तिचे पाणी वर्षभर मोजून सोडायचे, तर वरच्या अंगाला मोठी टाकी हवीच, आणि ती टाकी म्हणजे पुनासा. सरदार सरोवराच्या वादात हरसूदचे नाव क्वचितच येते, वास्तविक गुजरातच्या धरणाचे गणितही या जलाशयाला धरूनच मांडलेले होते.

इंदिरा गांधी यांनी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी धरणाची पायाभरणी केली. त्यानंतर आठच दिवसांनी त्यांची हत्या झाली आणि पुढे नर्मदा सागर या नावाच्या जागी इंदिरा सागर हे नाव आले. १९८७ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अटी घालून मंजुरी दिली. सुमारे ४०,००० हेक्टर जंगल बुडणार होते, आणि जंगलाच्या व पुनर्वसनाच्या योजना बांधकामाच्या बरोबरीने पूर्ण व्हाव्यात अशी अपेक्षा होती. मुख्य बांधकाम मात्र १९९२ मध्ये सुरू झाले, पैशांअभावी रेंगाळले, आणि २००० मध्ये केंद्राच्या जलविद्युत महामंडळाची व राज्य सरकारची संयुक्त कंपनी स्थापन झाल्यावर एकदम वेगाने पुढे सरकले.

या सर्व काळात हरसूदचे काय होत होते, हा प्रश्न मला तारखांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बुडीत क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या गावाची एक वेगळीच आजारपणाची अवस्था असते. सरकार नवा दवाखाना बांधत नाही, कारण तो बुडणार. घरमालक वरचा मजला चढवत नाही, कारण तोही बुडणार. व्यापारी भांडवल गुंतवण्याआधी दहा वेळा विचार करतो. जमिनीचे खरेदीविक्रीचे व्यवहार मंदावतात आणि भाव पडून राहतात. मग भूसंपादनाच्या वेळी मोबदल्याचा दर ठरतो तो याच पडलेल्या भावांच्या नोंदींवरून. म्हणजे धरणाच्या सावलीने आधी किंमत खाली आणायची आणि नंतर त्या खाली आलेल्या किमतीने धरणासाठी जमीन घ्यायची. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली हे सगळीकडेच घडत आले. हरसूदला ते अनेक वर्षे सोसावे लागले.

तरीही हरसूद गप्प बसले नव्हते. २८ सप्टेंबर १९८९ रोजी देशभरातले सुमारे पन्नास हजार लोक या छोट्या गावात जमले. ‘विकास हवा, विनाश नको’ अशा अर्थाच्या घोषणा देत निघालेला तो मेळावा भारतातल्या पर्यावरण चळवळीच्या इतिहासात आजही हरसूदच्याच नावाने ओळखला जातो. बाबा आमटे, मेधा पाटकर, सुंदरलाल बहुगुणा, शिवराम कारंथ अशी मंडळी तेथे होती, आणि गावात एक संकल्प स्तंभ उभारला गेला. बाबा तर पुढल्याच वर्षी आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठी राहायला आले आणि जवळपास दशकभर तेथे राहिले. तो मेळावा केवळ एका धरणाविरुद्ध नव्हता. कारखाने, अणुप्रकल्प, खाणी अशा नाना कारणांनी उठवले गेलेले लोक त्यात होते. कदाचित म्हणूनच, मेळावा गाजला तसे हरसूद हे प्रतीक झाले आणि प्रतीकाच्या आड तेथल्या रहिवाशांचे रोजचे प्रश्न थोडे झाकले गेले. पुढची वर्षे सगळ्यांचे लक्ष खाली, सरदार सरोवराकडे राहिले.

गाव सोडण्यासाठी ३० जून २००४ ही मुदत देण्यात आली. पंधरा हजारांहून अधिक वस्तीच्या शहराने त्या उन्हाळ्यात आपल्याच हातांनी स्वतःला पाडले. सरकारी मोबदला घराच्या मूल्यांकनावर मिळाला होता, पण विटा, लाकूड, पत्रे आणि चौकटी ज्याच्या त्याच्या मालकीच्या होत्या, आणि नव्या जागी घर उभे करायचे तर त्याच लागणार होत्या. म्हणून लोकांनी आधी कौले उतरवली, मग दारे आणि खिडक्या चौकटीसकट काढल्या, मग सागाच्या तुळया सोडवल्या आणि शेवटी भिंतींवर कुदळ चालवली. ज्यांना वाहतूक परवडत नव्हती, त्यांनी भंगारवाल्यांना मिळेल त्या भावात विकून टाकले. एकाच वेळी अख्खे गाव विकायला काढल्यावर भाव काय येणार, हे सांगायला नको.

नव्या हरसूदसाठी छनेरा गावालगतची जागा निवडली होती. सेक्टर पाडून भूखंड आखलेले होते, पण लोक पोहोचले तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाण्याची सोय नव्हती, गटारे नव्हती, आणि पहिला पावसाळा कित्येक कुटुंबांनी पत्र्याच्या आडोशाला काढला. जमीन काळी आणि फुगणारी, तिच्यावर घाईने बांधलेल्या भिंतींना तडे जाणे अटळ होते. पण याहून मोठी अडचण धंद्याची होती. हरसूदची बाजारपेठ चालत होती ती भोवतालच्या खेड्यांच्या जिवावर, आणि ती खेडीही त्याच पाण्यात चालली होती. दुकान हलवता येते, गिऱ्हाईक हलवता येत नाही. शेतकऱ्याला निदान जमिनीचा मोबदला होता. शिंपी, न्हावी, हातगाडीवाला आणि भाडेकरू यांच्या उपजीविकेची किंमत मूल्यांकनाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. ज्यांना शक्य होते ते खंडव्याला, हरद्याला, इंदूरला निघून गेले.

प्रकल्प ३१ मार्च २००५ रोजी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. १२५ मेगावॉटचे आठ संच, एकूण १,००० मेगावॉट, आणि कालव्यांखाली १.२३ लाख हेक्टर क्षेत्र. हे लाभ खरे आहेत आणि पश्चिम निमाडातल्या शेतकऱ्याला ते नाकारता येणार नाहीत. जलाशय २६२.१३ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरायचा की २६० वर थांबायचे, यावर मात्र पुढे अनेक वर्षे न्यायालयात आणि काठावर भांडण चालले. २०१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात खालच्या ओंकारेश्वर धरणाच्या बुडितातल्या घोघलगावी लोक सतरा दिवस गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले, तेव्हा सरकारने तेथील पातळी उतरवली. इंदिरा सागरच्या बुडितातल्या खरदना येथील लोकांना पोलिसांनी पाण्यातून बाहेर काढले.

याच जलाशयात एका जागेची राखण मात्र मनापासून झाली. सोळाव्या शतकातले निमाडी संत सिंगाजी, ज्यांची भजने आजही निमाडात मृदंगावर गायली जातात, त्यांची समाधी बुडितात येत होती. तिच्याभोवती भिंत बांधून जागा उंच केली गेली. मूळ समाधी खोल राहिली आणि तिच्यावर नवे बांधकाम झाले. शरद पौर्णिमेची जत्रा आता चहूकडे पाणी असलेल्या त्या जागी भरते. निमाडी माणसाची श्रद्धा पाहता दुसरे काही शक्यही नव्हते.

नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्या मराठी माणसांनाही या पाण्याची ओळख पायाखाली होते. नदी दृष्टीआड होऊ देऊ नये असा परिक्रमेचा रिवाज, पण या टप्प्यात जुना काठच राहिलेला नाही, आणि परिक्रमावासीयांना लांबचा वळसा घालून डांबरी रस्त्याने चालावे लागते.

इंदूरच्या नळाशी हरसूदचा संबंध जोडताना थोडे सांभाळून बोलायला हवे. १९७० च्या जनआंदोलनानंतर मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी विंध्य चढवून इंदूरला आणले गेले ते १९७८ मध्ये, म्हणजे पुनाशाची पायाभरणीही झालेली नव्हती तेव्हा. इंदूरची तहान भागवण्यासाठी हरसूद बुडवले, असे म्हणणे म्हणून चुकीचे आहे. परंतु जलूद हे पुनासा आणि ओंकारेश्वर या दोन्ही धरणांच्या खाली येते. आज उन्हाळ्यात तेथल्या पात्रात किती पाणी असेल, हे वरच्या धरणांतून किती सोडले यावर ठरते. यशवंत सागर आणि बिलावली या तलावांवर भागवणारे शहर आता ज्या पाण्यावर इतके पसरले आहे, ते हरसूदच्या चौथऱ्यांवरून वाहत येते.

पातळी उतरली की हे चौथरे अजूनही उघडे पडतात, उजनीत पळसदेवचे देऊळ वर येते तसे. जुने रहिवासी येऊन आपापल्या घराची जागा शोधतात. नाव मात्र कागदोपत्री कायम आहे: तहसील हरसूदच आहे, विधानसभेचा मतदारसंघही हरसूदच आहे. रेल्वेने जायचे असेल, तर तिकीट छनेऱ्याचे काढावे लागते.