कुळशोध, कष्टकरी घरांतील (सातारा-सांगली)

शेतमजूर, गिरणी कामगार किंवा शिपाई म्हणून राबलेल्या आजा-आजीचे आयुष्य सरकारी, कारखान्यातील आणि घरातल्या कागदांवरून जुळवण्याची रीत. वतनदारांच्या वंशावळी त्यांच्या हक्कासाठी लिहिल्या गेल्या. कष्टकऱ्याचे नाव मात्र सारा, पगार, फंड, वारसा अशा दुसऱ्याच कुठल्या कामापायी कुणी कारकुनाने टिपलेले असते. म्हणून कागद हाती आला की तो कशासाठी केला होता, हे आधी पाहावे लागते.

या भागात पहिला घोळ जिल्ह्याचाच. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. तासगावच्या आजोबांच्या जुन्या कागदावर ‘जि. सातारा’ दिसते ते त्यामुळे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही तर १९४८ पर्यंत संस्थाने होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी औंधकडे होती. गाव त्या साली कुणाच्या अमलात होते, हे ठरल्याशिवाय दप्तर कुठे शोधायचे ते कळत नाही.

गावाकडचा मुख्य कागद म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, बोलीत कोतवाल बुक. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतो. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव, पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, आणि तारीख. जुनी पाने मोडीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही दप्तरे धडाधड उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली; पण तो शोध जातीच्या रकान्यापुरता होता. शाळेच्या रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी टाकलेली समजावी. त्या पिढीत वर्गच्या वर्ग १ जूनला जन्मलेले आहेत.

मुंबईची बाजू वेगळी. साताऱ्याची माणसे लालबाग-परळच्या गिरण्यांत लागली ती बहुधा गाववाल्याच्या ओळखीने. जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, आपल्या भागातली पोरे भरत असे, त्यामुळे आजोबांचा सुगावा कधी शेजारच्या घरच्या ट्रंकेत लागतो. गिरणीचे तिकीट, हजेरी कार्ड, लाल पास, ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड, फंडाची चिठ्ठी हे मुख्य पुरावे. फंडाचा कायदा १९५२ चा, तेव्हा त्याआधी गिरणी सोडलेल्याचा फंड क्रमांक शोधण्यात अर्थ नाही. बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, राबलेल्याची सलग नोंद मिळणे तर अवघडच. १९८२ च्या संपानंतर पुष्कळजण गावी परतले आणि हे कागद ट्रंकांच्या तळाशी गेले. म्हाडाच्या घरांसाठी अर्ज निघाले तेव्हा ते पुन्हा बाहेर आले.

आजीचा माग याहून बिकट, कारण लग्नात तिचे नाव बदलले आणि सातबाऱ्यावर ती सहसा नव्हतीच. इथे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, कामाला येते. भावांनी वारस लावताना बहिणींची हक्कसोड घेतली, तर त्या फेरफारात तिचे सासरचे नाव असते, कधी सासरचे गावही. जमीन सोडल्याचाच कागद तिच्या माहेरचा पुरावा ठरावा, हा प्रकार या भागात घरोघरी सापडेल.

कागदाबाहेरही वाटा आहेत. बैल घेऊन येणारे हेळवी पिढ्यांची नावे सांगतात आणि नव्या बाळाचे नाव वहीत चढवून घेतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अस्थी घेऊन गेलेल्याचे नाव, गाव आणि कधी सही वा अंगठा मिळतो. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर विखुरले. त्यांचे ना मस्टर, ना फंड. त्यांच्या बाबतीत लग्नपत्रिकांवरचे पत्ते आणि ग्रामदैवताच्या देवळात देणगीदारांच्या नावांच्या बसवलेल्या फरश्या चाळाव्या लागतात. फरशीवर नावापुढे कोणत्या शहराचे नाव कोरले आहे तेवढे पाहावे.