‘नऊ वर्षं नागरिक’: हायरम रेव्हल्स यांच्या सिनेट-प्रवेशाची पार्श्वभूमी

हायरम रेव्हल्स हे अमेरिकेच्या सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य, एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण ते ‘निवडून आले’ म्हणजे काय? १९१३ पर्यंत सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचं विधिमंडळ निवडे; आपले आमदार राज्यसभेवर माणसं पाठवतात तसंच काहीसं. रेव्हल्स मूळचे धर्मोपदेशक. १८६९ च्या निवडणुकीत ते मिसिसिपीच्या राज्य सिनेटवर गेले. जानेवारी १८७० मध्ये अधिवेशनाच्या आरंभी त्यांनी केलेली प्रार्थना सदस्यांच्या मनात भरली, आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने ८१ विरुद्ध १५ मतांनी त्यांना वॉशिंग्टनला पाठवलं. गृहयुद्धाच्या तोंडावर, १८६१ मध्ये, मिसिसिपी देशातून फुटून निघालं तेव्हापासून ही जागा रिकामी, मुदत उरली होती वर्षभराची. बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस त्याआधी मिसिसिपीचे सिनेटर होते; रेव्हल्स त्यांच्याच खुर्चीवर बसले, अशी गोष्ट अजून रंगवून सांगितली जाते. प्रत्यक्षात रेव्हल्स यांना मिळालेली खुर्ची मिसिसिपीच्या दुसऱ्या सिनेटरची होती.

खरी लढाई शपथेआधी झाली. राज्यघटनेनुसार सिनेटर किमान नऊ वर्षं देशाचा नागरिक असावा लागतो. विरोधकांनी हिशोब मांडला: १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिक मानायला नकार दिला, नागरिकत्व मिळालं ते १८६६ च्या कायद्याने, किंवा १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे फार तर चार वर्षं. कागदावर बेरीज चोख. फक्त ज्याचा हिशोब चालला होता तो माणूस १८२७ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मापासूनच गुलामीबाहेर होता, आणि युद्धाआधी त्याने ओहायोत मतदान केल्याचंही सभागृहापुढे आलं.

बाजूने बोलणाऱ्यांचाही सूर एक नव्हता. काही म्हणाले, तो निकाल ‘शुद्ध’ आफ्रिकी रक्तापुरता. रेव्हल्स यांचं कूळ मिश्र, त्यांना तो लागूच नाही. मला हा युक्तिवाद विरोधकांच्या बेरजेपेक्षा जास्त खटकतो. त्याने एक माणूस आत गेला असता आणि बाकीचे दारातच राहिले असते. इतरांनी मुळालाच हात घातला: निकालच चुकीचा होता, युद्धाने तो मोडीत काढला, आणि घटनादुरुस्तीने असलेलं नागरिकत्व फक्त मान्य केलं. ‘दिलं’ की ‘मान्य केलं’, सगळा वाद या दोन क्रियापदांत अडकलेला. २५ फेब्रुवारी १८७० ला ४८ विरुद्ध ८ मतांनी रेव्हल्स आत गेले. कोणतं क्रियापद खरं, हे मतमोजणीत नोंदलं गेलं नाही.

कारकीर्द जेमतेम वर्षाची. जॉर्जियाच्या विधिमंडळाने १८६८ मध्ये हाकललेल्या कृष्णवर्णीय सदस्यांची बाजू त्यांनी मांडली, राजधानीतल्या शाळा वर्णानुसार वेगळ्या ठेवायला विरोध केला, आणि एकनिष्ठेची शपथ घेणाऱ्या माजी बंडखोरांना राजकीय हक्क परत द्यावेत असंही म्हटलं.

मुदत संपल्यावर मिसिसिपीत कृष्णवर्णीयांसाठी नव्याने निघालेल्या महाविद्यालयाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १८७४ मध्ये ते पद गेलं. १८७५ च्या निवडणुकीत दहशतीच्या जोरावर रिपब्लिकनांची सत्ता जाऊन डेमोक्रॅट आले, तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून दोष दिला तो स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षातल्या उपटसुंभ पुढाऱ्यांना. पुढच्याच वर्षी नव्या राजवटीत महाविद्यालयाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे परत आलं. टीकाकार या दोन घटना जोडून वाचतात. तशा त्या वाचल्या जाणारच.

१८९० मध्ये राज्याच्या नव्या घटनेने मतदान-कर आणला, ‘घटनेतल्या कलमाचा अर्थ सांगा’ अशी चाचणी आणली. कृष्णवर्णीयांचं नागरिकत्व शाबूत, मत गेलं. रेव्हल्स १९०१ मध्ये वारले. मिसिसिपीने त्यांच्यामागून १८७५ ते १८८१ या काळात आणखी एक कृष्णवर्णीय सिनेटर पाठवला. त्यानंतर तिथून आजवर कोणी नाही. देशातला पुढचा आला थेट १९६७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सहून.