आहाराचं पुस्तक आणि ज्ञानकोशातलं पान

सोलापुरात नवी पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात पाककृती, राशिभविष्य आणि वजन उतरवायची पुस्तकं बहुधा एकाच फळीवर सापडतात. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत, ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत २०१८ च्या आसपास घरोघरी पोचली आणि कडक भाकरी-शेंगाचटणीवर वाढलेली माणसंही घड्याळ बघून ताटावर बसू लागली. विकिपीडियावर लिहिणाऱ्या आम्हा चार-दोघांत तेव्हापासून एक वाद अधूनमधून निघतो: आहाराच्या एखाद्या पुस्तकाला स्वतंत्र पान द्यावं का?

छापील कोशांच्या काळात हा वाद नव्हता. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, पुढे वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. पानं मोजकी, खर्च मोठा. काय घ्यायचं ते संपादक मंडळ ठरवी. २००१ मध्ये इंग्रजी विकिपीडिया आला, २००३ मध्ये मराठी. कागदाची अडचण संपली आणि प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या लेखकाचं पान हवंसं वाटू लागलं.

त्यातून ‘उल्लेखनीयता’ हा निकष आला, म्हणजे विषयाला स्वतंत्र पान द्यावं इतकी इतरांनी त्याची दखल घेतली आहे का, हे बघणं. इंग्रजी विकिपीडियावर पानं काढायची की ठेवायची, हे सुरुवातीला ‘मतदान’ या नावाखाली ठरे. २००५ मध्ये ते नाव बदललं, कारण हात मोजून निर्णय व्हायला नको होता, मुद्दे बघायचे होते. २००९ पासून अशी चर्चा किमान सात दिवस चालते. पुस्तकांसाठी वेगळे निकष आहेत. पुस्तकाशी संबंध नसलेल्यांनी त्यावर दोन तरी ठिकाणी सविस्तर लिहिलेलं असावं, किंवा त्याला मोठा पुरस्कार असावा, किंवा ते शाळा-महाविद्यालयांत अभ्यासाला असावं, असे. खपाचा आकडा यात कुठेच नाही. आहार लागू पडतो की नाही, हेही नाही. पथ्य साफ चुकीचं असलं तरी पुस्तक उल्लेखनीय असू शकतं. फक्त त्यातल्या आरोग्यविषयक दाव्यांना वैद्यकीय संदर्भांची वेगळी, जास्त कडक चाळणी लागते.

याचं माझं आवडतं उदाहरण विल्यम बँटिंगचं. लंडनमधला हा अंत्यविधीचा व्यावसायिक. राजघराण्याचीही कामं त्याच्याकडे असत. लठ्ठपणाने बेजार होता. डॉक्टरच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे सोडले, वजन उतरलं आणि १८६३ मध्ये स्वखर्चाने पुस्तिका छापून त्याने ती वाटली. स्वखर्चाने म्हटल्यावर आजचे संपादक पहिल्याच दिवशी कपाळाला आठी घालतील! पण डॉक्टरांनी तिच्यावर टीका केली, वर्तमानपत्रांनी थट्टा केली, आणि त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. पुस्तिकेला पान मिळतं ते या सगळ्या गलक्यामुळे.

मराठीत घोडं इथेच अडतं. कादंबरीवर, कवितासंग्रहावर परीक्षण येतं. आहाराच्या पुस्तकावर कोण लिहिणार? त्याच्या वाट्याला येतात प्रकाशन समारंभाच्या बातम्या आणि लेखकाच्या मुलाखती. एकदा एका पुस्तकासाठी मी तीन कात्रणं जमवली. रात्री टेबलावर शेजारी-शेजारी मांडली तर तिन्हींचा दुसरा परिच्छेद शब्दशः एकच, आणि तोच पुस्तकाच्या मलपृष्ठावर. ‘कायापालट’ हा शब्द तिन्हीकडे ‘कायपालट’ असा चुकलेला, मलपृष्ठावरही. म्हणजे संदर्भ तीन दिसत होते, लिहिणारा एकच.

नियम इंग्रजीत घडले, जिथे परीक्षणांची रेलचेल आहे, म्हणून ते मराठीत सैल करावेत असं आमच्यातले एकजण नेहमी म्हणतात. मला ते पटत नाही. सैल केले की पहिली रांग जाहिरातवाल्यांचीच लागेल. पण त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे: हजारो लोकांचं जेवण बदलणाऱ्या पुस्तकाची नोंद नाही, आणि शंभर प्रती न खपलेल्या संग्रहाची आहे.

त्या तीन कात्रणांच्या पुस्तकाचं पान मी केलं नाही. लेखकाचं पान आधीपासून होतं. त्यात पुस्तकाचं नाव आणि प्रकाशनवर्ष घातलं. ‘कायापालट’ वगळला.