प्रतिसादकाल

उद्दीपक मिळाल्यापासून त्याला प्रतिसाद येईपर्यंत जाणारा वेळ. मानसशास्त्रात त्याला बहुधा प्रतिक्रियाकाल म्हणतात, संगणकवाले सरळ रिस्पॉन्स टाइम म्हणतात. दोन्हीकडे घड्याळ कुठे सुरू केले आणि कुठे थांबवले, हे कळल्याशिवाय आकडा निरर्थक.

दिवा लागताच बटण दाबणे, हा साधा प्रतिक्रियाकाल. निरोगी तरुणांत तो साधारण २०० ते २५० मिलिसेकंद असतो. आवाजाला त्याहून थोडा कमी. दोन दिवे आणि दोन बटणे दिली, की वेळ वाढतो. डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्ये नेमकी ही वाढ वजाबाकीने काढली आणि तिला मनाच्या निवडीचा वेळ मानले. युक्ती सुरेख, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: नवा टप्पा जोडला तरी जुने टप्पे जसेच्या तसे राहतात. ते नेहमी खरे नसते.

मोजताना उपकरणेही वेळ खातात. ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो. १२५ हर्ट्‌झने तपासला जाणारा कीबोर्ड ८ मिलिसेकंदांपर्यंत उशीर करतो. शिवाय घाई केली की चुका वाढतात, म्हणून वेळेसोबत चुकांचे प्रमाणही नोंदवावे. एखाद्या वेळी लक्ष उडाले की सरासरी फुगते. मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, त्या मानाने स्थिर राहतो.

संगणकात प्रतिसादकाल म्हणजे प्रत्यक्ष कामाचा वेळ अधिक रांगेत थांबण्याचा वेळ, आणि खरा घोळ रांगेत असतो. विनंत्या यादृच्छिकपणे येत असतील आणि एका कामाला सरासरी १० मिलिसेकंद लागत असतील, तर रांगेच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना प्रतिसाद सरासरी २० मिलिसेकंदांत येतो. ९० टक्क्यांवर १००, ९५ टक्क्यांवर २००. काम तेवढेच, वाट पाहणे वाढलेले.

इथेही सरासरी फसवते, म्हणून ९५ वा किंवा ९९ वा शततमक पाहतात, म्हणजे ९५ किंवा ९९ टक्के प्रतिसाद ज्या वेळेच्या आत येतात ती वेळ. एक पान शंभर सर्व्हरांना विचारून तयार होत असेल आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे शंभरातून एकदाच रेंगाळत असेल, तरी सुमारे ६३ टक्के पाने रेंगाळतात.

भारचाचणीतली, म्हणजे सर्व्हरवर मुद्दाम विनंत्यांचा भार टाकून पाहण्यातली, नेहमीची चूक अशी: चाचणी-प्रोग्राम आधीचे उत्तर येईपर्यंत पुढची विनंती पाठवतच नाही. सर्व्हर दहा सेकंद अडकला तर त्या काळातली एकच संथ नोंद होते. ज्या शेकडो विनंत्या तेव्हा खोळंबल्या असत्या, त्या मोजल्याच जात नाहीत. त्यासाठी घड्याळ विनंती प्रत्यक्ष निघाल्यापासून नव्हे, ती ज्या क्षणी निघायला हवी होती तिथपासून लावावे.