पुण्याचे वाडे का पडले? भाडेकायद्यापासून भिडे वाड्यापर्यंत

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात, एका रात्रीत, बुधवार पेठेतला भिडे वाडा जमीनदोस्त झाला. दगडूशेठ गणपतीच्या समोरची ही जागा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा इथे सुरू केली. तात्यासाहेब भिड्यांनी त्यासाठी आपल्या वाड्यातली जागा दिली होती. आणि वाडा पाडला तो याच शाळेच्या स्मारकासाठी. जागा ताब्यात यावी म्हणून महापालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. स्मारकाची जागा वाचली, वाडा मात्र गेला. हे कसं झालं ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

पेशवाईत आणि नंतर बांधलेले हे वाडे एकेका घराण्याचे होते. पुढे शहर वाढलं, नोकरी-शिक्षणासाठी माणसं येत गेली आणि चौकाभोवतीच्या खोल्यांत बिऱ्हाडं आली. महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई इतकी झाली की सरकारला भाड्यांवर लगाम घालावा लागला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येईल ते कमाल भाडं, धरलं. या कायद्याने गरीब आणि मध्यमवर्गीय भाडेकरूंच्या पिढ्या सांभाळल्या, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण १९४० चा आकडा पन्नास वर्षं तसाच राहिला. त्या भाड्यात दर पावसाळ्याआधीची शाकारणी, म्हणजे छपराची कौलं नीट लावून घेणं, तेवढंसुद्धा निघेना. प्रमाण भाड्याची ही तरतूद आता न्याय्य राहिलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण ती त्याच जुन्या रकमेवर. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शाकारणी चुकली की वाड्याचं काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. वाड्याची भिंत एकसंध नसते. खाली दगडी जोतं, त्यावर भाजक्या विटा, वर पांढऱ्या मातीची कच्ची भिंत आणि या सगळ्याला धरून ठेवणारा सागवानी सांगाडा. एक कौल सरकलं की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. माती भिजते, सुटते, आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक वर्षानुवर्षं ओलं राहतं. खोलीतून वर पाहिलं तर तुळई काळीभोर, ठणठणीत दिसते. भिंतीतलं टोक मात्र बोटाने टोचलं तरी भुसा पडावा इतकं गेलेलं असतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडते आणि कुजणं आणखी वाढतं. खरं तर कुजलेलं तेवढं टोक कापून तिथे नवं सागवान सांधता येतं, चुन्यात भिंत पुन्हा उभी करता येते. जाणते सुतार आणि गवंडी हे आजही करतात. प्रश्न कसबाचा नाही, ते काम कोणी आणि कोणाच्या पैशाने करायचं याचा आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या आणि बसल्या. कित्येक वाडे त्या एका दिवसात गेले. पुढे फ्लॅटचा जमाना आला. वाड्याखालच्या जमिनीला वाड्यापेक्षा जास्त किंमत आली. मालमत्ता पत्रकावर एका नावाच्या जागी वारसांची लांबलचक यादी लागली, त्यातले निम्मे परगावी. १९८७ च्या विकास आराखड्यातल्या रस्तारुंदीच्या रेषा कितीतरी वाड्यांच्या दर्शनी भागावरून गेल्या. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि वाडा पडला तर फायदाच. भाडेकरूला धोका कळतो, पण घर सोडलं तर हक्क जाईल ही धास्ती. अशा ठिकाणी शेवटी महापालिकेची ‘धोकादायक’ अशी नोटीस येते, आणि दोघांनाही तीच सुटका वाटते.

वारसा जपण्याचे नियम आले ते उशिरा. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली झाली, इमारतींना श्रेणी मिळाल्या, हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, सोयही झाली. पुण्यातही श्रेणीनिहाय यादी झाली. यादीमुळे परवानगीशिवाय पाडापाडी करता येत नाही, हे मोठंच काम झालं. पण यादीत नाव लागल्याने गळती थांबत नाही. पाडू नका म्हणणारा नियम शाकारणीचे पैसे देत नाही.

टिकले ते कोणते वाडे, हे पाहिलं की गोष्ट स्पष्ट होते. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ चा. १८७९ च्या आगीत तो होरपळला. त्याच सुमारास जळलेला बुधवारवाडा कायमचा गेला. विश्रामबाग पुन्हा उभा राहिला, कारण त्यात कधी संस्कृत पाठशाळा होती, कधी पालिकेची कचेरी. नाना फडणवीसांच्या नानावाड्यातही पुढे शाळा भरत असे. मालक एक, वापर रोजचा, त्यामुळे कौल सरकलं तर कोणाच्या तरी लक्षात यायचं.

भिडे वाड्याला यातलं काहीच मिळालं नाही. २००६ मध्ये महापालिकेने तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरवलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मोबदला, ताबा, भाडेकरूंचे हक्क यांवर वाद चालला. खाली रस्त्याच्या बाजूला दुकानं सुरू होती, वरचा भाग ढासळत होता. दावा चालू असलेल्या जागेला हात कोण लावणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. या सतरा वर्षांत वाड्याने सतरा पावसाळे काढले. जागा कोणाची, हे ठरवायला न्यायालय होतं. निकाल लागेपर्यंत त्या छपरावर ताडपत्री टाकण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. पेठांमध्ये दावे चालू असलेले वाडे आजही आहेत, आणि त्यांच्या छपरांचीही हीच गत आहे.