चादर आधी की टॉवेल? शोधयंत्रातल्या ‘बूस्ट’ची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखानदाराच्या संकेतस्थळावर ‘सोलापुरी जेकार्ड चादर’ असं शोधून पाहा. तिथल्या जवळपास प्रत्येक नोंदीत ‘सोलापुरी’ असतंच, ‘चादर’ही बहुतेक ठिकाणी. मग निवाडा व्हायचा तो ‘जेकार्ड’वर. दुकानातला जुना माणूस हे न सांगता करतो. गणितात ते यायला १९७२ साल उजाडलं. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी तेव्हा मांडलं की, शब्द जितक्या कमी दस्तऐवजांत आढळतो तितकं त्याचं वजन जास्त धरावं. एखादा शब्द मजकुरात किती वेळा आला, ही मोजणी आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५७ मध्येच सुचवली होती.

मराठीत इथे एक खोच आहे. ‘चादर’, ‘चादरी’ आणि ‘चद्दर’ हे यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात. यादीत एकदाच आलेलं ‘चद्दर’ दुर्मीळ ठरतं आणि भलतंच वजन खाऊन जातं. त्यामुळे बूस्टला, म्हणजे ठरावीक माल निकालांत वर आणण्यासाठी दिलेल्या जादा वजनाला, हात लावण्याआधी शब्दरूपं एकत्र आणावीत, असं माझं ठाम मत आहे.

१९९४ च्या सुमारास लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी बीएम२५ हे नोंदींना गुण देऊन त्यांचा क्रम लावणारं सूत्र घडवलं. वर्णनात ‘चादर’ वीसदा लिहिलं तरी गुण वीसपट होत नाहीत. दुसऱ्या उल्लेखाने जेवढी भर पडते, तेवढी दहाव्याने पडत नाही. लांबलचक वर्णनालाही फुकटचा फायदा मिळत नाही.

तरी मालकाला वाटतंच की अमुक माल वर दिसावा. डग कटिंग यांच्या १९९९ च्या ल्युसीन या शोधप्रणालीत आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या सोलरमध्ये त्यासाठी इंडेक्स करतानाच, म्हणजे नोंद शोधासाठी साठवतानाच, दस्तऐवजाला बूस्ट देता येई. पण तो आकडा मजकुराच्या लांबीच्या हिशेबात मिसळून एका बाइटमध्ये कोंबला जाई, त्यामुळे बारीक फरक पुसले जात. शिवाय गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या, दिवसांपुरती चादर वर आणली, तर जत्रा उठल्यावर त्या नोंदी पुन्हा इंडेक्स करणं आलं. ल्युसीनने २०१६ मध्ये बीएम२५ मूळ पद्धत म्हणून स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी, सातव्या आवृत्तीत, इंडेक्सवेळचा बूस्ट काढून टाकला. तेव्हापासून साठा, विक्री, तारीख ही माहिती वेगळ्या फील्डमध्ये राहते आणि बूस्ट शोधाच्या क्षणी लागतो.

बूस्टचा आकडा मूळ गुणांत मिळवायचा की त्याने ते गुणायचे, हा प्रश्न मात्र अजून अनेकांना अडवतो. बीएम२५ च्या गुणांना ठरलेली कमाल मर्यादा नसते. एका शोधात पहिल्या नोंदीला ४ गुण मिळतात, दुसऱ्यात ३०. टॉवेल वर यावा म्हणून त्याच्या गुणांत दोन्हीकडे सरसकट १० मिळवले, तर पहिल्या शोधात ‘जेकार्ड चादर’ मागणाऱ्यापुढे टेरी टॉवेल येऊन बसतो आणि दुसऱ्यात तोच बूस्ट जेमतेम जाणवतो. १.२ ने गुणलं, तर दोन्हीकडे वाढ सारख्याच प्रमाणात होते.